पाठीवरचा पंप उतरवायला लावणाऱ्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

"माझं नाव कुठं यायला नको" ही तुमची अट मी पाळतेय. वाई-पाचगणी भागात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच म्हणा. गळ्यात भिंग अडकवून लोकांच्या बांधावर पानं उलटी करत फिरणारा दुसरा माणूस आमच्याकडं नाही. तुमच्या तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाक आधी" म्हणून विषय मोडता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

आमच्या रानात तुम्ही आलात ते स्ट्रॉबेरीसाठी नव्हेच. चिकमंगळूरकडं कॉफीत उभी हयात काढलेला माणूस निवृत्त होऊन वाईत आला, आणि कुणीतरी त्याला सांगितलं की भिलारच्या अलीकडं एका बांधावर कॉफीची झाडं आहेत. "बघून यावीत म्हटलं," एवढंच बोललात तुम्ही. ती झाडं म्हणजे आमच्या आबांची हौस. आबा म्हणजे माझे सासरे. कधीकाळी शृंगेरीला देवदर्शनाला गेले होते, येताना पिशव्या भरून रोपं आणली आणि सिल्व्हर ओकच्या सावलीला लावली. चाळीस झाडं, वर्षाला जेमतेम पाच-सहा किलो बिया आणि गावभर चेष्टा. त्या चेष्टेपायी का होईना, तुम्ही आमच्या दारात आलात.

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. स्ट्रॉबेरीच्या पानांवर पिवळे ठिपके, खालून बारीक जाळी, कडेच्या वाफ्यांची पानं तर तांबूस पडून करपल्यासारखी. लाल कोळी, पानाचा रस चोखणारी बारीक कीड. पंधरा दिवसांत दोन फवारण्या झाल्या होत्या, दोन्ही दुकानातून सांगितलेल्या, दोन्ही पायरेथ्रॉइड जातीच्या कीटकनाशकांच्या. कोळी कमी व्हायचा सोडून दुप्पट झाला होता. म्हणून तिसरी टाकी दोन औषधं एकत्र करून, मात्रा जरा चढवूनच भरली होती. आमच्यात एक दिवसाआड तोडणी असते. फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही ते बाटलीवर छापलेलं असतं, आणि २०१० पासून भौगोलिक मानांकन मिरवणाऱ्या आमच्या स्ट्रॉबेरीत ते कोण किती पाळतं, यावर मी इथं जास्त बोलत नाही. मीही पाळणार नव्हते, एवढं कबूल करते.

पंप पाठीवर घेऊन मी पहिल्या वाफ्यात शिरणार, तेवढ्यात बांधावरून आवाज आला, "पोरी, तो पंप उतरव खाली. आधी पान बघू."

ओळख ना पाळख. दुसरं कुणी असतं तर मी ऐकलं नसतं. तुमच्या आवाजात रागही नव्हता आणि शहाणपणाही नव्हता, उत्सुकता होती. खरंच तुम्हाला ते पान बघायचं होतं. मी पंप उतरवला.

मग तुम्ही भिंग कसं धरायचं ते शिकवलंत. मी आपली भिंग पानावर ठेवून लांबून डोकावत होते. "भिंग डोळ्याला टेकव आणि पान भिंगाकडं आण. भिंग पानाकडं न्यायचं न्हाई." दहा पटीच्या त्या काचेतून पहिल्यांदा दिसली जाळी, म्हशीच्या गोठ्यातल्या कोपऱ्यासारखी. मग गोल गोल अंडी, काचेचे मणी सांडावेत तशी. मग खुद्द कोळी. आम्ही लाल लाल म्हणतो, पण ते तर पिवळट-हिरवे, अंगावर दोन काळे डाग, आणि सुस्त. जागच्या जागी बसून पान चोखत होते. मला वाटलं, झालं बघून. तुम्ही म्हणालात, "आता पळणारा शोध."

पळणारा काही सापडेना. दहा पानं झाली. तुम्ही एक-एक पान देठासकट खुडत होता, बघत होता आणि मान हलवत होता. शेवटी शेणखताच्या ढिगाकडच्या कोपऱ्यात, जिथं माझा पंप नीट पोचलाच नव्हता, तिथल्या पानावर काहीतरी सरकलं. थेंबाएवढं, थेंबासारखंच तुकतुकीत, कुत्रं वास काढत फिरतं तसं इकडून तिकडं पळणारं. एका गोल अंड्यापाशी ते थांबलं. अंडं धरलं, तोंड लावलं. बघता बघता त्या मण्याचं चिपाड झालं आणि त्याच्या पोटात रंग उतरला. पाच-सात मिनिटं मी डोळा हलवला नाही. मान अवघडली. अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेरचा जीव, आणि मला वाघ बघितल्यागत वाटत होतं.

"हा तुझा बिनपगारी गडी," तुम्ही म्हणालात. "दोन फवारण्यांत तू ह्याला कामावरनं काढलंस."

परभक्षी कोळी, म्हणजे कोळ्याला खाणारा कोळी, हा शब्द मी पुस्तिकेत वाचला होता. पण तो आपल्याच रानात असतो, न बोलावता येतो, आणि आपणच त्याला मारतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही ते वाफ्याच्या कडेला बसून सांगितलंत. कोळी हा कीटक नव्हेच, आठ पायांचा, विंचवाच्या भावकीतला, म्हणून किडीचं प्रत्येक औषध त्याला लागेलच असं नाही. उन्हाची तिरीप वाढली की आठवड्या-दीड आठवड्यात अंड्याचा पुरा कोळी होतो. मादीला नर भेटला नाही तरी अंडी घालते, त्यातून नर निघतात, आणि एका मादीपासून पुन्हा सगळा संसार उभा राहतो. पायरेथ्रॉइड मारलं की यातले बरेचसे टिकतात, पण त्यांना खाणारा आधी मरतो. मग राखणदार नसलेल्या रानात काय होणार? ब्राझीलच्या कॉफीत हेच झालं, असं तुम्ही सांगितलंत. पान पोखरणाऱ्या अळीसाठी हीच औषधं मारली आणि मागोमाग लाल कोळी उसळला. इतक्या लांबचं उदाहरण, पण मला ते माझ्या दोन फवारण्यांचाच पंचनामा वाटला.

मग मला घेऊन तुम्ही कॉफीपाशी गेलात. खरं तर तुमचा जीव तिकडंच होता. रस्त्याकडच्या ओळीत पानांची वरची बाजू काशाच्या भांड्यावर डाग पडावा तशी झाली होती. तिथला कोळी वेगळा, तो पानाच्या वरच्या अंगावर राहतो. त्याचं शास्त्रीय नावच कॉफीवरून आहे, ऑलिगोनिकस कॉफी. १८६१ साली नीटनर नावाच्या माणसानं सिलोनच्या कॉफीवर त्याची नोंद केली. पुढं १८६९ पासून तांबेऱ्यानं सिलोनची कॉफी बुडवली, मळेवाल्यांनी चहा लावला, आणि आज हा कोळी ओळखला जातो तो चहाची कीड म्हणून. "नाव माहेरचं, नांदतो सासरी," असं तुम्ही म्हणालात आणि स्वतःच हसलात. रस्त्याची धूळ बसते तिथं तो जास्त, हेही तुम्ही तेव्हाच दाखवलंत. खरंच, आतल्या ओळीत पानं बरी होती.

आणि मग ते घरकुल. पान पालथं केलंत. मधल्या शिरेला बाजूची शीर मिळते त्या काखेत नखाच्या टोकानं दाबल्यासारखा बारीक खड्डा. प्रत्येक काखेत एक. वर्षानुवर्षं मी ती पानं झाडून काढतेय, मला तो कधी दिसला नव्हता. भिंगातून बघितलं तर एका खड्ड्याच्या तोंडाशी लांबट अंडं, दुसऱ्यातून एक पळणारा बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. झाडानं स्वतःच्या पानात राखणदाराला घर बांधून दिलंय! १८८७ साली लुंडस्ट्रोम नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं त्याला डोमेशिया हे नाव दिलं, म्हणजे घरकुलंच. "आणि ह्याला ना अर्ज लागतो ना ग्रामसेवकाची सही," हे आबांचं म्हणणं. आबा तोवर काठी टेकत आले होते. आपल्या झाडांची इतकी चौकशी कुणीतरी करतंय हे बघून त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते तुम्ही पाहिलंत की नाही माहीत नाही. मी पाहिलं.

इथं माझं डोकं जास्त चाललं. म्हटलं, सोपं आहे, कॉफीची पानं तोडते आणि स्ट्रॉबेरीत टाकते. तुम्ही कपाळाला हात लावलात. कॉफीवरचा गडी बहुतेक परागकणावर पोट भरणारा, जोडीला मिळेल तो कोळी खातो. स्ट्रॉबेरीतल्या दाट जाळीत त्याचा टिकाव लागत नाही. जाळीत घुसणारा गडी वेगळ्या जातीचा. नाव विचारलं तर म्हणालात, "दिसायला लाँगिस्पिनोसससारखा आहे, पण स्लाइडवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याबिगर मी सही करणार न्हाई." तुमच्या बोलण्यातलं हे मला सगळ्यात आवडलं. आमच्याकडं औषध विकणाऱ्याला बाटली न उघडताच सगळं माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुम्ही दारात. हातात स्टीलचा डबा, तोंडाला फडकं बांधलेलं. मला वाटलं काकूंनी काही पाठवलं. आत तुमच्या परसातल्या घेवड्याची पानं, कोळ्यानं भरलेली आणि कोळी खाणाऱ्यांनीही भरलेली. "घेवड्याला कधी औषध मारलं न्हाई, म्हणून हे जिवंत." ती पानं आपण दोघांनी वाफ्या-वाफ्यात, रोपांच्या पोटात, सावलीला खोचली. घेवडा उगाच नव्हता. कोळी पान चोखायला लागला की झाड एक वास सोडतं आणि त्या वासावर हा आंधळा गडी माग काढत येतो. नेदरलँडमध्ये १९८० च्या दशकात घेवड्याच्या भावकीतल्याच एका शेंगेवर हे तपासलं गेलं, हे तुम्ही पानं खोचता खोचता सांगत होता. त्याला डोळेच नसतात हे मला तेव्हा कळलं. आदल्या दिवशी तो माझ्याकडं बघून पळाला असं मी समजत होते.

तीन दिवस तुम्ही तसाच डबा घेऊन आलात. वाईहून, पसरणीचा घाट चढून, स्वतःच्या पेट्रोलनं.

त्यानंतरचे तीन आठवडे मला जड गेले, हे आज सांगते. घरात टोमणे सुरू झाले. आमचे हे म्हणाले, "आता किड्यांना खायला किडे पाळायचे का?" दुकानदाराचं तर विचारूच नका. "वहिनी, कोळ्यानं कोळी मरत असता तर आम्ही दुकान कशाला काढलं असतं?" दोनदा मी रात्री पंप धुऊन ठेवला होता, सकाळी मारायचाच म्हणून. तुमचा फोन यायचा, "वीस पानं बघितलीस का?" दर सोमवारी आणि गुरुवारी वीस पानं बघायची आणि पळणारा किती पानांवर दिसला ते पोराच्या जुन्या वहीत लिहायचं, एवढं एकच काम तुम्ही दिलं होतं. पहिल्या सोमवारी एक. मग दोन. मग परत एक, तेव्हा मी रडकुंडीला आले होते. मग पाच. मग तेरा. तेराच्या दिवशी मी तुम्हाला फोन केला तर तुम्ही नुसतं "हं" म्हणालात.

बाकी कामं साधीच होती. जुनी, करपलेली पानं काढली. रोज संध्याकाळी रस्त्यावर पाणी मारलं, कॉफीची रस्त्याकडची ओळ पाइपनं धुतली. मध्येच अळी दिसली तेव्हा मी घाबरत विचारलं, तर तुम्ही बीटी, म्हणजे अळी मारणारं जिवाणूचं औषध, मारायला लावलंत, ते ह्या गड्याला बाधत नाही म्हणून. औषध म्हणजे पाप असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, हे मुद्दाम लिहिते, कारण काही जण ऐकीव गोष्ट सांगताना तुम्हाला तसं रंगवतात.

सगळं वाचलं नाही. रस्त्याकडचे दोन वाफे गेले ते गेलेच, तिथं कोळी आधीच हाताबाहेर गेला होता. पण आतल्या वाफ्यांना मार्चच्या मध्याला जी नवी पानं आली ती स्वच्छ होती, आणि एप्रिल संपेपर्यंत पनेट, म्हणजे फळांचे छोटे डबे, भरत राहिले. तिसरी टाकी मी ज्या रानात रिकामी करणार होते, त्या रानातली फळं माझी पोरं न धुता तोंडात टाकत होती. तुम्ही ओरडलात त्यांना, "धुवून खा रे" म्हणून. तेही बरोबरच.

वळवाचा पहिला पाऊस झाल्यावर नवव्या दिवशी कॉफी फुलली. पांढरीशुभ्र, मोगऱ्यासारखा वास. आबा खुर्ची टाकून तिथंच बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून, पान पालथं करून घरकुल दाखवत होते. भिंग नसताना कुणाला काय दिसणार? पण लोक बघत होते.

काका, तुमचं भिंग माझ्याकडंच राहिलंय. त्याची दोरी तुटायला आली होती, नवी ओवलीय. आणि तुमचा स्टीलचा डबाही इथंच आहे. रिकामा डबा परत द्यायची आमच्याकडं पद्धत नाही, म्हणून आबांनी स्वतः भाजलेल्या कॉफीच्या बिया त्यात भरून ठेवल्यात. थोड्या जास्त काळ्या झाल्यात, चालवून घ्या. रविवारी घाट चढून या. तुम्ही म्हणाल तसं, चहा आधी टाकते.

तुमची,
भिलारच्या अलीकडची स्ट्रॉबेरीवाली