धान्य बँकेत गव्हापेक्षा डाळ-तेल हवे

मा. संपादक,

वाढदिवस, पुण्यतिथी, दिवाळी अशा निमित्तांनी नाशिकमध्ये शिधावाटप होते. बहुतेक पिशव्यांत पाच किलो गहू आणि पाच किलो तांदूळ असतात. देणाऱ्याची भावना खरी असते, पण रेशन कार्ड असलेल्या घरात नेमके तेच आधी आलेले असते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो आणि अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. चौघांच्या घरात येणारे २० किलो महिनाभर पुरत नाही, हे मान्य. तरी धान्य उसने मिळते, शेतमजुरीत पदरात पडते. डाळ, तेल, मिरची मात्र रोख पैसे मोजूनच आणावी लागते. काम नसलेल्या आठवड्यात आधी हीच यादी आखडते आणि मुले कोरड्या भातावर किंवा मीठ-पोळीवर राहतात.

म्हणून दानाचा शिधा जमवून गरजूंना देणाऱ्या वस्तीतल्या धान्य बँकेने रेशनची नक्कल न करता रेशनमध्ये नसलेले द्यावे. चौघांसाठी महिन्याची यादी साधारण अशी: तूरडाळ, मसूर आणि मूगडाळ प्रत्येकी १ किलो, तेल २ लिटर, शेंगदाणे १ किलो, गूळ १ किलो, मीठ १ किलो, मिरचीपूड २५० ग्रॅम, हळद १०० ग्रॅम, चहा पावडर २५० ग्रॅम आणि दोन साबण. तीन किलो डाळ जास्त वाटते, पण हिशेब केला तर दिवसाला माणशी २५ ग्रॅमच पडते. यादीला कात्री लावायची वेळ आली तर चहा कमी करा, डाळ नको. पालात किंवा बांधकामावर राहणाऱ्यांकडे कुकर नसतो. त्यांना हरभरा, राजमा देऊन उपयोग नाही, ते शिजवण्यातच सरपण संपते. मसूर आणि मूग साध्या पातेल्यात लवकर शिजतात. गहू द्यायचाच असेल तर सोबत गिरणीचे कूपन द्या, नाहीतर दळणाच्या पैशांसाठी तो पडून राहतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. दान येते दिवाळीत, म्हणजे पेठ-सुरगाण्यात नवे भात-नागली घरात येते तेव्हा. खरी ओढ जूनपासून सप्टेंबरपर्यंत असते. द्राक्षाचा हंगाम एप्रिलपर्यंत आटोपलेला असतो, उन्हाळी कांद्याची काढणीही संपलेली असते, पावसाने बांधकामे थंडावतात, शाळेचा खर्च अंगावर येतो आणि शेतातले पीक अजून हिरवे असते. दिवाळीला मिळणारी रक्कम मंडळांनी तेव्हाच पिशव्यांत न घालता निम्मी पावसाळ्यासाठी राखून ठेवावी. डाळ साठवण्यापेक्षा पैसा राखणे सोपे. त्याला सोंडे लागत नाहीत.

साठवणीत सर्वांत जास्त नुकसान पावसाळ्यातच होते. पोती थेट फरशीवर ठेवली की खालून ओल लागते, भिंतीला टेकवली की बाजूने. जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवावीत. प्रत्येक पोत्यावर आल्याची तारीख लिहावी आणि जुने आधी बाहेर काढावे. रवा, बेसन, तयार पीठ पावसाळ्यात दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये, जाळी धरते. साबण आणि चहा-डाळ एका खोक्यात कधीही नको, साबणाचा वास चहाला आणि डाळीला लागतो. तेलाच्या पिशव्या वेगळ्या क्रेटमध्ये ठेवाव्यात, एक फुटली तरी खालचे सगळे पोते जाते. सुटे तेल घेऊच नये. आणि एक कळकळीची विनंती: किडीसाठी सल्फासच्या गोळ्या वस्तीतल्या खोलीत वापरू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू झोपेतल्या माणसाचा जीव घेतो. कडक उन्हात वाळवलेली डाळ, घट्ट झाकणाची पिंपे आणि थोडा कडुलिंबाचा पाला एवढे बस्स होते.

बाळासाठी दूध पावडरचे डबे पुष्कळ लोक प्रेमाने आणतात. ते परत करावेत. १९९२ च्या कायद्याने अनाथालयाखेरीज इतरांना त्यांचे मोफत वाटप करता येत नाही, आणि अशुद्ध पाण्यात कालवलेली पावडर बाळाला जुलाब लावते. तेच पैसे आईच्या शेंगदाणे-गुळाला लावावेत आणि तिचे नाव अंगणवाडीत नोंदले आहे का, ते विचारावे.

वाटपाची वेळ सकाळी अकराची ठेवली की मजूर अड्ड्यावर किंवा कामावर असतो आणि रांगेत येतात ते ज्यांना वेळ आहे ते. सातपूर-अंबडसारख्या भागात संध्याकाळी सहा ते आठ ठीक. आधार कार्डाची प्रत मागू नये. वहीत क्रमांक, घरातली माणसे आणि तारीख एवढी नोंद पुरते. फोटो काढणे पूर्ण बंद करावे. फोटोच्या धास्तीने सर्वांत गरजू बाई दारातूनच परत जाते. शक्य तिथे वस्तू फळीवर मांडून निवडू द्याव्यात. उत्तरेकडचा कामगार मोहरीचे तेल घेईल, सुरगाण्याची बाई नागली मागेल. न आवडणारी वस्तू माथी मारली की ती दुकानात विकली जाते, आणि मग त्याचा दोष घेणाऱ्याला लावला जातो.

धान्य बँकेच्या याच खिडकीवर रेशनची अडचणही सुटू शकते. दिंडोरी-निफाडला कामासाठी आलेल्या कुटुंबाला गावचे कार्ड दाखवून जवळच्या दुकानातून धान्य घेता येते, पण अनेकांना ते ठाऊक नसते. कष्टाच्या कामाने बोटांचे ठसे झिजतात आणि रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र अंगठा घेत नाही, ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) राहिलेल्या माणसाचा वाटा अडतो. अशा घरांची यादी करून त्यांना शिधावाटप कार्यालयात सोबत नेणारे, १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून देणारे एक माणूस प्रत्येक धान्य बँकेत हवे. महिन्याचे वीस किलो त्याने परत सुरू झाले तर ते आपल्या कुठल्याही पिशवीपेक्षा मोठे आहे.

ही यादी किरकोळ दराने घर-महिना साधारण हजार-बाराशे रुपयांत बसते. पन्नास सदनिकांच्या सोसायटीने घरटी शंभर रुपये काढले तर चार कुटुंबे सांभाळली जातात. अडते ते जागेवर. महापालिकेची अनेक समाजमंदिरे आठवड्यातले बरेच दिवस कुलूपबंद असतात. प्रशासनाने प्रत्येक प्रभागात एक कोरडी खोली, महिन्यातून दोन संध्याकाळी, भाडे न घेता धान्य बँकेला द्यावी आणि हा निर्णय जूनच्या आत व्हावा, ही मागणी आम्ही आपल्या दैनिकातून करत आहोत.

– शिधावाटपाचे काम करणारे काही कार्यकर्ते, सातपूर, नाशिक