काचेची तार जमिनीखालचं ऐकते

संपादक महोदय, नमस्कार.

फायबर ऑप्टिक म्हटलं की पेपरात फक्त इंटरनेटचा स्पीड येतो, म्हणून मुद्दाम लिहितोय. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउनला २०१५ मध्ये मार्सेलस शेल नावाच्या, गॅस धरून ठेवणाऱ्या चिकणखडकाच्या थरातल्या एका गॅस विहिरीत पोलादी पाइपाच्या बाहेरून अशी केबल कायमची बसवली, विहीर आधी सरळ खाली मग आडवी, आणि वाळू मिसळलेल्या पाण्याच्या प्रेशरने २८ टप्प्यांत खडक फोडताना ही केबल सगळं ऐकत होती! वरून लेसरचे पल्स सोडायचे, काचेतल्या बारीक बारीक दोषांवरून थोडा उजेड परत येतो, आणि तार केसाच्या हजाराव्या भागाएवढी जरी ताणली तरी त्यात फरक पडतो, म्हणजे दर काही मीटरला एक कानच की. पाइपाच्या कुठल्या छिद्रातून पाणी-वाळू खडकात गेली, कुठलं कोरडं राहिलं, सगळं कळतं. मला हे फार भारी वाटतं.

पण तारेवर आडवा येणारा धक्का तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून जिओफोन, म्हणजे जमिनीचे हादरे टिपणारी यंत्रं, लागतातच, हेही सांगायला हवं.

शेल गॅसवर तुमच्याकडे भाव आणि राजकारण छापून येतं, विज्ञानाच्या पानावर एकदा हेही चित्रासकट द्या ना, शाळेतली पोरं आवडीने वाचतील.

– एक नियमित वाचक, नाशिक