तुझ्या मागे कोण असतं?

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

काल तुझं लाईव्ह आम्ही सगळ्यांनी बघितलं. शिरपूरच्या आत्याचाही फोन आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ तू फोनकडे बघत, बोलत बोलत मागे सरकत होतीस आणि मागे कृष्णा फुगलेली. तुझ्या मागे बघायला कोण होतं गं? पूर्वी वार्ताहर, फोटोग्राफर, गाडीचा ड्रायव्हर असे तिघं तरी जायचे. आता मोजो म्हणे, मोबाईल जर्नालिझम, म्हणजे कॅमेरा तूच, माईक तूच, एडिटिंगही तूच.

खरं तर हे लिहायचंच नव्हतं. निवारा केंद्रातल्या त्या आजींबद्दल लिहायचं होतं. म्हशीचं दावं सोडल्याचं सांगताना त्या थांबल्या आणि तू मध्ये प्रश्न घातला नाहीस. आमच्या पेपरात त्यांचं 'एका वृद्धेने सांगितले' एवढंच झालं असतं, तेही जागा उरली तर. तू त्यांचा आवाज घराघरांत पोचवलास. बाबा ती क्लिप परत परत लावत होते. बोलले काही नाहीत, तुला माहीतच आहे.

पण खालची अक्षरं कोणी तपासली होती का? धोका पातळी तू पंचेचाळीस फूट म्हणालीस, आपोआप आलेल्या कॅप्शनमध्ये २५ उमटलं. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवूनच बघतात. पाणी पंचवीसच्या कधीच वर गेलेलं. सांगलीवाडीत कोणी तेवढंच वाचून मध्यरात्री लेकरं घेऊन बाहेर पडलं असतं तर? आमच्याकडे ओली गॅली, म्हणजे जुळवलेल्या मजकुराचा तपासायचा कच्चा ठसा, आली की मी मूळ कॉपी मोठ्याने वाचायचे आणि कुलकर्णीकाका प्रुफावर बोट फिरवायचे. आकडा असला की सुटा वाचायचा, 'चार, पाच'. त्यानंतर रात्रपाळीचे उपसंपादक बघत, मगच पान जाई. तू पोटात असताना मी असंच वाचत बसायचे आणि नाना डबा घेऊन जिन्यात थांबायचे. काका म्हणायचे, पोरगी जन्मतःच प्रूफ वाचेल.

तू चिडशील, पण आपल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा मी विसरू शकत नाही. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. पोरं पळवणारी टोळी आल्याचं मोबाईलवर फिरत होतं आणि भिक्षा मागायला आलेल्या पाच डवरी गोसाव्यांना लोकांनी ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा जाहीर केली. तू अफवा पसरवणारी नाहीस, उलट खोडणारी आहेस. पण त्याच मोबाईलवर, त्याच वेगाने तुझीही बातमी जाते, आणि जाण्याआधी ती दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांखालून जात नाही.

झालं, लागले शिकवायला. रागावू नकोस. तुझं काम तुला कळतं.

फक्त पाण्याजवळ जाताना कुणाला तरी सोबत ने. तिथल्या पोराटोरांपैकी असला तरी चालेल, नुसता मागे उभा राहू दे. आणि व्हिडिओ टाकण्याआधी मला पाठवत जा. मी रात्री जागीच असते. क्युसेक, फूट, गावांची नावं, सगळं वाचून लगेच परत पाठवीन.

तुझी,
आई