उष्णतारोधक इमारतीत खोलीगणिक थर्मोस्टॅट कशासाठी?

महोदय,

ऊर्जाबचत करणाऱ्या इमारतींविषयी आपल्या दैनिकात आलेल्या लेखात प्रत्येक खोलीत स्वतंत्र थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला तापन आपोआप चालू-बंद करणारे उपकरण, बसवण्याची शिफारस आहे. भिंती-खिडक्यांतून सतत उष्णता निसटणाऱ्या जुन्या इमारतींना ती लागू पडते. भरपूर उष्णतारोधन केलेल्या सदनिकांना ती सरसकट लावणे मला पटत नाही.

जर्मनीतील डार्मश्टाट येथे १९९१ मध्ये पहिले ‘पॅसिव्ह हाउस’, म्हणजे अत्यल्प ऊर्जेत उबदार राहणारे घर, उभे राहिले; याच नावाचे मानकही आहे. त्या मानकानुसार घर तापवण्याची गरज वर्षाकाठी दर चौरस मीटरला १५ किलोवॉट-तासांच्या आत, किंवा ऐन कडाक्याच्या थंडीत १० वॉटच्या आत असावी लागते. म्हणजे वीस चौरस मीटरच्या खोलीला फार तर २०० वॉट. स्वस्थ बसलेला माणूस ८० ते १०० वॉट उष्णता बाहेर टाकत असतो, त्यामुळे दोन पाहुणे येऊन बसले की त्या खोलीची गरज जवळजवळ भागते. त्यात खिडकीतून ऊन आले, तर हिवाळ्यातही खोली नको तितकी तापते. फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवून घर तापवले असेल, तर त्या जाड काँक्रीटच्या थरात मुरलेली उष्णता पुढे कित्येक तास वर येत राहते, म्हणून थर्मोस्टॅटने झडप बंद करेपर्यंत उशीर झालेला असतो.

यावर उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे: नळ्यांतले पाणी शक्य तितके कोमट ठेवणे. जमिनीचा पृष्ठभाग २३ अंश आणि खोली २१ अंश असेल, तर उष्णता दोन अंशांच्या फरकावर वाहते; खोली २२ अंशांवर गेली की फरक आणि त्याबरोबर उष्णतेचा ओघही निम्म्यावर येतो, तोही कोणतेही यंत्र मध्ये न येता. हीट पंपालाही, म्हणजे बाहेरची उष्णता खेचून घरात आणणाऱ्या यंत्रालाही, कमी तापमानाचे पाणी देणेच किफायतशीर पडते.

बैठकीत २२ आणि शयनगृहात १७ अंश ही अपेक्षाही अशा घरात सहसा पुरी होत नाही. रोधक थर बाहेरच्या भिंतींना असतो, आतल्या भिंतींना नसतो, आणि उष्णता परत मिळवणारी वायुवीजन यंत्रणा खोल्यांमधला उरलासुरला फरकही पुसत राहते. शयनगृहाचे बटण कमी करून काहीच घडत नाही, तेव्हा रहिवासी यंत्राला दोष देतात आणि खिडकी उघडी टाकून झोपतात. मग साऱ्या घराची उष्णता त्या वाटेने जाते. रात्री तापन बंद करण्याचा जुना सल्लाही येथे निरुपयोगी आहे, कारण रात्रभरात तापमान जेमतेम अंशभर उतरते आणि तेवढे भरून काढायला ही लहान क्षमतेची यंत्रणा तास न् तास घेते.

उष्णता मोजणाऱ्या मीटरचा प्रश्नही यातूनच उद्भवतो. मधल्या मजल्यावरच्या रहिवाशाने तापन पूर्ण बंद ठेवले, तरी वरच्या-खालच्या शेजाऱ्यांच्या उष्णतेवर त्याचे घर उबदार राहते, म्हणून निव्वळ सदनिकेच्या मीटरवर बिल आकारणे न्याय्य ठरत नाही. काही भाग क्षेत्रफळानुसार वाटायला हवा. खोलीगणिक उपकरणांवर जो खर्च होतो, तो खिडक्यांना बाहेरून सावली देणारे पडदे बसवण्यावर आणि इमारत ताब्यात देताना पाण्याचे तापमान व प्रवाह काटेकोर जुळवून देण्यावर करावा, अशी माझी सूचना आहे.

आपला,
एक वाचक