शिवेवरून धावणारी लहर

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार. पत्र्यातलं कंपन हवं तिकडे वळवता येतं, हे खरं का, आणि तुझ्या मोटरच्या कंपनासाठी ते जमेल का, असं तू विचारलंयस. वळवता येतं. पण 'ही लहर कशानेच अडत नाही' असं जे तू वाचलंस, त्यावर फार विसंबू नकोस.

पत्र्यावर षटकोनी जाळी आख आणि प्रत्येक सांध्यावर वजन बसव. सांधे आळीपाळीनं अ आणि ब. वजनं सारखी असली की एका ठरावीक वारंवारतेला लहरींचे दोन पट्टे, म्हणजे जाळीतून जाऊ शकणाऱ्या वारंवारतांचे दोन गट, एका बिंदूत भेटतात, ग्राफीनमध्ये (कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थरात) इलेक्ट्रॉनांचे भेटतात तसेच. अ जड केलंस की पट्टे सुटतात, मधल्या वारंवारतांना जाळीत थारा राहत नाही. आता गंमत बघ: अर्ध्या पत्र्यावर अ जड ठेव, उरलेल्या अर्ध्यावर ब. आत शिरायला दोन्ही बाजू बंद, पण दोघांच्या शिवेवर वाट उघडी! शीव १२० अंशांत वळवलीस, तरी लहर मुकाट तिच्यामागून जाते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात राजकुमार पाल आणि मासिमो रुझेने यांनी २०१७ साली पातळ पत्र्यासाठी हे गणित मांडलं.

मूळ कल्पना इलेक्ट्रॉनांच्या दुनियेतली. १९८० साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लिट्झिंग यांना सापडलेल्या क्वांटम हॉल परिणामात चुंबकक्षेत्रामुळे कडेचा विजेचा प्रवाह एकाच दिशेनं वाहतो. मागे फिरायला वाटच नसते. पत्र्यात तसं काही नाही. जायरोस्कोप, म्हणजे भोवऱ्यासारखी फिरणारी चाकं, जोडून एकेरी वाट करता येते, पण मग प्रत्येकाला मोटर आली. आपल्या जाळीला वीज लागत नाही, म्हणून मला तीच आवडते. मात्र तिच्यात परतीची वाटही असते. शिवेवर एखादं वजन गळालं तर थोडी लहर उलट फिरू शकते. आणि पत्र्याचं स्वतःचं घर्षण तर लहरीला खातच राहतं. त्यापासून कुठलंच संरक्षण नाही.

आता तुझ्या मोटरचं. २ मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यात १००० हर्ट्झला लहरीची लांबी साधारण १४ सेंटिमीटर. जाळीचा खणही त्याच मापाचा लागतो. मिनिटाला १५०० फेऱ्या म्हणजे २५ हर्ट्झ. तिथं ही लांबी जवळपास ९० सेंटिमीटर होते. असे डझनभर खण मांडायला तुझी शेड पुरेल का? स्प्रिंगवर वजनं बसवून खण लहान करता येतो, पण मग चालणाऱ्या वारंवारतांचा पट्टा अगदीच अरुंद होतो. तुला मोटरखाली रबरी पॅडच बरे.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश