मॅडम, तुम्ही पेन अण्णांच्या हातात दिलंत

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या ओपीडीत रोज एवढी गर्दी असते, की एसटीतून रिटायर झालेले ते उंच कंडक्टर आणि त्यांची रडवेली मुलगी तुम्हाला आठवेलच असं नाही. तोंडानं सांगायला गेले की माझा घसा दाटतो, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

अण्णा तेव्हा ६७ वर्षांचे. रात्री दोनला उठून अंगण धुवायचे, एका आठवड्यात तीन शेगड्या आणल्या, भावकीला जमीन वाटायला निघाले. गाव म्हणालं, म्हातारचळ. गावाचं सोडा, एका डॉक्टरांनीही हसत तेच ऐकवलं, "ताई, साठी बुद्धी नाठी." दुसरे शहरातले, मोठ्या फीचे. आधीच्या हिवाळ्यात अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, तेव्हा त्यांनी उदासीची गोळी दिली होती. त्या गोळीवर थोड्याच दिवसांत अण्णा असे उधळले. मग तेच म्हणाले, डिमेन्शिया दिसतोय, वयच आहे. दोघांनीही प्रत्येक प्रश्न मला विचारला. जेवतात का, शिव्या देतात का, पैसे उडवतात का. अण्णा शेजारच्याच खुर्चीत बसलेले!

तुम्ही केसपेपर उलटा केलात, कोऱ्या बाजूवर एक आडवी रेघ मारलीत आणि पेन अण्णांच्या हातात दिलंत. "काका, ही तुमच्या आयुष्याची रेघ. असं पहिल्यांदा कधी झालं होतं? तुम्हीच खूण करा." बाहेर रांगेत आरडाओरडा चालू होता. तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. सतत बडबडणारे अण्णा गप्प झाले आणि वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरावं तशा अक्षरात त्यांनी लिहिलं: १९८१.

वय २४. कित्येक रात्री झोप नाही, शेवटी घरच्यांनी देवऋष्याकडे नेलं. पुढच्या वर्षी अंथरुणातून उठवेना. मग १९९४, म्हणजे ते सस्पेन्शन. गाडीभर लोकांना त्यांनी तिकिटाशिवाय नेलं होतं. घरात ती गोष्ट आम्ही अण्णांच्या दिलदारपणाचा किस्सा म्हणून सांगायचो. आई नुसती बघत राहिली. "लग्नात मला कुणी सांगितलं नाही. मला वाटलं, ह्यांचा स्वभावच हा."

एवढी वर्षं हे त्यांनी पोटात ठेवलं होतं. आणि कुणी विचारलंच नव्हतं हो!

अण्णांचा आजार बायपोलर, म्हणजे मन कधी भलतंच चढतं, कधी खोल उदासीत बुडतं. तो बहुतेकांना तरुणपणीच गाठतो, पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू होणं विरळच, हे तुम्ही सांगितलंत. पहिलाच झटका म्हातारपणी आला, तर डॉक्टरांनी आधी मेंदूत, थायरॉइडमध्ये, चालू औषधांत कारण शोधायला हवं. स्टेरॉइडनंही माणूस असा चढू शकतो. १९८१ सापडलं तरी तुम्ही त्या तपासण्या टाळल्या नाहीत. अण्णांची गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावलीत. लिथियम हे या आजारावरचं औषध सुरू करायच्या आधी गुडघ्यांची पेनकिलर बंद केलीत, बीपीची गोळी बदललीत, कारण या दोन्हींमुळे लिथियम रक्तात साठू शकतं आणि म्हाताऱ्या किडनीला ते झेपत नाही. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी ती पिशवी उघडूनही पाहिली नव्हती. असो. कडू बोलायचं नव्हतं, पण आलं तोंडात.

मला वाटायचं, चांगला डॉक्टर म्हणजे हुशार डॉक्टर. ते दोघेही हुशारच असतील. पण समोरचा माणूस म्हातारा असला, बरळत असला, तरी त्याच्याबद्दल त्यालाच विचारावं, याला कुठली डिग्री लागते? आमच्या स्टँडवरचा चहावाला अण्णांशी त्या दिवसांतही नीट बोलायचा. "अण्णा, साखर कमी ना?" एवढंच. त्याचेही आभार मला मानायचे आहेत.

अण्णा आता बरे आहेत. हात थोडे थरथरतात, उन्हाळ्यात पाणी पीत राहा म्हणून आई मागे लागते आणि दोघांची वाजते. तुम्ही काढलेली ती रेघ त्यांनी शंभर पानी वहीत उतरवून घेतली आहे. रोज रात्री किती तास झोपले ते तिच्यात मांडतात. एका मंगळवारी तीनच तास भरले, तर सकाळी स्वतःहून मला म्हणाले, "मॅडमना फोन लाव."

पुढच्या तारखेला वही घेऊन येतोय. अण्णांचं म्हणणं आहे, वेबिलावर तुमची सही पाहिजे.

तुमची,
कंडक्टर अण्णांची मुलगी