चेहऱ्याच्या मागे लागू नकोस

प्रिय मिल्या,

तुझा मेसेज मिळाला, बाटल्यांचा फोटोही पाहिला. फेसवॉश, स्क्रब, टोनर, दोन सीरम, रात्रीचं वेगळं क्रीम आणि वर कुणीतरी खात्रीने सांगितलेला लेप. डॉक्टरांनी रोझेशियाचं, म्हणजे चेहरा लाल होऊन पुळ्या येण्याच्या या आजाराचं, नाव घेतलं की माणूस घाबरून दिसेल ते विकत घेतो, त्यात नवल नाही. मलाही तोच आहे, म्हणून सांगतो. पण लेका, यातलं निम्म्याहून जास्त सामान तुझ्या चेहऱ्याच्या मुळावर उठणारं आहे. फोनवर तू धड बोलू देत नाहीस, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे, तुझा चेहरा अस्वच्छ आहे हे डोक्यातून काढून टाक. रोझेशियाच्या पुळ्या मुरुमांसारख्या दिसतात खऱ्या, पण मुरुमांत असतात तसे ब्लॅकहेड्स यात नसतात. हा छिद्रं तुंबण्याचा आजारच नाही. त्वचेची प्रतिकारयंत्रणा नको तिथे भडकते, रक्तवाहिन्या जरा काही झालं की रुंदावतात आणि वरचं संरक्षक आवरण कमकुवत होतं. मग त्वचेतला ओलावा उडून जातो आणि इतरांना कळतही नाही असं काहीबाही आपल्याला झोंबतं. डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे असतात, ते बहुतेक मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर राहतात, आपल्यासारख्या रोझेशियावाल्यांच्या चेहऱ्यावर त्यांची संख्या जास्त सापडते. आता हे वाचून लगेच आरशासमोर घासत बसू नकोस. घासून ते जात नाहीत, आवरण तेवढं जातं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की कमी कर. दिवसाला तीन गोष्टी पुरतात: सौम्य क्लीन्झर, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. चौथं डॉक्टरांनी दिलेलं औषध. पाचव्याची गरज नाही.

सकाळी मी नुसत्या कोमट पाण्याने तोंड धुतो. क्लीन्झर फक्त रात्री, दिवसभराचं सनस्क्रीन आणि धूळ काढायला. साबण नकोच. साध्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास, त्यामुळे धुतल्यावर जो ताण जाणवतो तो स्वच्छतेचा नव्हे, कोरडेपणाचा असतो. कमी फेस होणारं, बिनसुगंधी क्लीन्झर बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवायचं आणि धुऊन टाकायचं. ब्रश, जाळी, खरखरीत कापड यातलं काही नको. पुसतानाही टॉवेल ओढायचा नाही. मऊ टॉवेल गालावर टेकव, क्षणभर धर, उचल, पुढच्या जागी टेकव. सुरुवातीला हे नाटक वाटतं, पण पुसल्यानंतरची चुरचुर यानेच कमी होते.

मग थांबायचं. ओल्या त्वचेवर औषध जास्त झोंबतं, म्हणून चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर औषधाचा पातळ थर आणि ते जिरल्यावर मॉइश्चरायझर. तरीही जळजळत असेल तर आधी मॉइश्चरायझर लावून वर औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचार. बऱ्याच जणांना तसं सांगतात.

मॉइश्चरायझर घेताना पुढची जाहिरात वाचू नकोस, मागची यादी वाच. ग्लिसरीन, सेरामाइड, हायलुरॉनिक ॲसिड, पेट्रोलेटम, डायमेथिकोन ही आपली माणसं. मेंथॉल, कापूर, निलगिरी, पुदिन्याचं तेल, विच हेझल, उडून जाणारं अल्कोहोल आणि कुठलाही सुगंध यांना दारातूनच परत पाठव. लावल्यावर थंडगार वाटतं म्हणून माणसं फसतात. ती थंडाई मेंथॉलची असते, दाह कमी झाल्याची नव्हे. ग्लायकोलिक, सॅलिसिलिक ही ॲसिडं आणि रेटिनॉलही सध्या लांबच ठेव. तुझ्या फोटोतल्या दोन्ही सीरमवर यातलंच एकेक नाव दिसतंय.

सनस्क्रीनचा तुला कंटाळा आहे हे मला ठाऊक आहे, पण इथे सूट नाही. ऊन हे चेहरा भडकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं, एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, ब्रॉड स्पेक्ट्रम (उन्हाचे यूव्हीए, यूव्हीबी दोन्ही किरण अडवणारं) असं घे. रासायनिक फिल्टरवाल्या सनस्क्रीनपेक्षा हे सहसा कमी झोंबतं. पांढरा थर दिसतो म्हणून लाजत असशील तर रंगछटा असलेलं मिळतं, त्याने लालीही थोडी झाकली जाते. दोन बोटांच्या लांबीएवढं घ्यायचं, ढगाळ दिवशीसुद्धा. बाहेर असशील तर दर दोन तासांनी पुन्हा लाव, आणि टोपी घाल.

दाढीचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. इलेक्ट्रिक शेव्हर बहुतेकांना ब्लेडपेक्षा मानवतो. ब्लेडच हवं असेल तर ते नवं, धारदार असू दे. केस कोमट पाण्याने मऊ करून घे आणि उलट्या दिशेने फिरवू नकोस. एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा तर नाहीच. आफ्टरशेव्ह आजच कुणाला तरी देऊन टाक.

नवीन काही आणलंस तर एका वेळी एकच. आधी मानेच्या बाजूला थोडंसं लाव आणि ७२ तास वाट बघ. तिथे चुरचुरलं नाही तरच चेहऱ्यावर. तीन वस्तू एकदम सुरू केल्यास तर चेहरा भडकल्यावर दोष कुणाला देणार?

खाण्यापिण्याबद्दल तुला आता जो तो सल्ला देईल. तिखट, दारू, गरम पेयं, कडक व्यायाम, गार वारा, गरम पाण्याची आंघोळ, मानसिक ताण, या सगळ्याने लाली येऊ शकते, पण सगळ्यांना सगळ्याने येत नाही. कॉफी सोडायची घाई करू नकोस. पुष्कळदा दोष कॉफीचा नसून तिच्या गरमपणाचा असतो, नुसतं गरम पाणी पिऊनही चेहरा तापतो. कोमट करून पिऊन बघ. वहीत रोज दोन ओळी लिही: काय खाल्लं, कुठे होतो, चेहरा कसा होता. काही आठवड्यांत तुझे खरे शत्रू कोण ते कळेल, बाकीच्यांना उगाच वनवास नको. आणि ‘नाक लाल म्हणजे हा पितो’ असं म्हणणाऱ्यांना सरळ सांग, थेंबही न घेणाऱ्यांना हा आजार होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुणी ‘हे लाव, दोन दिवसांत गोरा-गुळगुळीत होशील’ म्हणून ट्यूब पुढे केली तर आधी तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलंय का बघ. ही स्टेरॉइडं. सुरुवातीला जादू वाटते, लाली जाते, पुळ्या बसतात. मग बंद केलं की चेहरा आधीपेक्षा जास्त पेटतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो, आणि हे चक्र सुटत नाही. कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या जाळ्यासारख्या दिसू लागतात. स्टेरॉइडने रोझेशियासारखाच वेगळा आजार होतो. असं काही तू आधीच लावत असशील तर मनानेच एकदम बंद करू नकोस, डॉक्टरांना सांगून त्यांच्या देखरेखीखाली सोड.

खऱ्या औषधांना वेळ लागतो. आयव्हरमेक्टिन, मेट्रोनिडॅझोल, अझेलेइक ॲसिड, यातलं तुला जे दिलं असेल त्याला दोन-तीन महिने तरी दे. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नकोस. पुळ्या या औषधांनी बसतात. दिसणाऱ्या बारीक लाल रेघा मात्र क्रीमने जात नाहीत, त्या नको असतील तर लेझर असतं. त्याची घाई नाही. हा आजार मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो, आणि चांगला राहतो. माझ्याकडे बघून तुला तरी कधी कळलं होतं का?

एक राहिलं. मेसेजच्या शेवटी तू सहज लिहिलंयस, की संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं आणि पापण्यांच्या कडा लाल होतात. हे स्क्रीनमुळेच असेल असं धरून चालू नकोस. रोझेशिया डोळ्यांतही उतरतो, कधी कधी चेहऱ्याच्या आधीसुद्धा, आणि दुर्लक्ष केलं तर बुबुळाला इजा होऊ शकते. तुझ्या त्वचेच्या डॉक्टरांना हे सांगितलंयस का? नसेल तर उद्याच फोन कर आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे. दुखायला लागलं, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागलं तर वेळेची वाट न बघता त्याच दिवशी जा. काय म्हणाले ते मला कळव.

तुझा,
अव्या